पेल्यांची दुर्री

बोलोन्या
९ सप्टेंबर १९९१

प्रिय आर्जियावहिनी,

फोनच करणार होते. पण तुमच्या रोंकाल्तोत फोन एक, तोही नेल्लोच्या बारमध्ये, आणि नेल्लोच्या कानात पडलं म्हणजे गावभर झालं. म्हणून पत्र. दार लावून वाच.

तुमच्या गावचा एव्हाल्दो मंगळवारी डोळे दाखवायला शहरात आला होता. दवाखान्यातून थेट माझ्याकडे. हातात टोपली! ताजं रिकोत्ता चीज, रानातली आळंबी, वर पांढराशुभ्र फडका. वहिनी, उभा जन्म मी पास्त्याचं दुकान चालवलं. पुरुष माझ्या दारात आले ते तोर्तेल्लिनी न्यायला, नाहीतर बिलं द्यायला. साठी उलटली, लग्नाचं कुणी नाव काढलं नाही. आणि आता हा विधुर माणूस माझ्या स्वयंपाकघरात दोन तास बसतो, रश्शातल्या तोर्तेल्लिनीच्या दोन ताटल्या संपवतो आणि म्हणतो, "विल्मा, तुमच्याकडे बसलं की बरं वाटतं." मी काय समजायचं?

मला काहीच उमगेना म्हणून सेलेनियाबाईंकडे गेले. आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर राहतात. टॅरोचे पत्ते मांडून पाहतात, पत्त्यांचा जोड आपल्या बोलोन्याचाच. मिलानला जाऊन कोर्स केलाय, भिंतीवर सर्टिफिकेट आहे. त्यांनी आधी तीन पत्त्यांची मांडणी केली. काल, आज आणि उद्या. आले काय? म्हातारा, रथ आणि प्रेम! म्हातारा बसमध्ये बसून प्रेम घेऊन आला, याहून स्पष्ट देव तरी काय बोलणार? फक्त बाईंचं एक सांगणं आहे. लग्नाचा शिक्का म्हणजे पेल्यांची दुर्री. दोन पेले, समोरासमोर. ती मांडणीत पडेपर्यंत आपण होऊन त्याच्यापाशी एक शब्द काढायचा नाही, नाहीतर योग मोडतो.

तू दर गुरुवारी त्याच्याबरोबर पत्ते कुटतेस. माणूस कसा आहे ते खरं खरं सांग. थट्टा करू नकोस. करशीलच म्हणा.

तुझी नणंद
विल्मा


रोंकाल्तो
१६ सप्टेंबर

वन्संना आर्जियाचा वाकून नमस्कार, गुडघे दुखत असूनही.

पत्र दार लावून वाचलं. खिडक्याही लावल्या. माझं हसणं बाहेर गेलं असतं तर नेल्लो चौकशीला आला असता.

वन्सं, त्या फडक्याचा कोपरा पाहिलात का? लाल दोऱ्याने 'ग' काढलाय. 'ग' म्हणजे ग्वेर्रिनो, तुमचा सख्खा भाऊ आणि माझा नवरा, देव त्याच्या आत्म्याला सुखात ठेवो. फडका माझा, रिकोत्ता माझं, आळंबी मी कंबर मोडून गोळा केलेली. एव्हाल्दो शहरात जातोच आहे तर वन्संकडे टाक म्हटलं. मी आयकर कचेरीत टाक म्हटलं असतं तर तिथेही तो तेवढ्याच प्रेमाने टाकून आला असता. दोन ताटल्यांचं म्हणाल, तर दोन ताटल्या तो मयताच्या जेवणातही खातो.

माणूस कसा विचारता? चर्चमध्ये प्रार्थनेला घोरतो. थंडी पडली की कानटोपी घालून जेवायला बसतो. बायको गेल्यापासून घरात दोनच भांडी वापरतो, एक स्वतःचं आणि एक कुत्र्याचं, आणि कुठलं कुणाचं ते कुत्र्यालाच ठाऊक. बोलणं असं की एक वाक्य काढायला दोन माणसं लागतात. टेबलावर इतकी वर्षं माझा जोडीदार आहे म्हणून सांगते, वाईट नाही. पण तुमच्यासारख्या शहरी बाईच्या कामाचा नाही.

आणि सेलेनिया म्हणे! खरं नाव पिनुच्चा असणार, पैज लावते. आमच्याकडे हे पत्ते खेळायचे असतात. हरलं की शिव्या द्यायच्या आणि घरी जायचं. त्यांना नवरा विचारणारी पहिली तुम्हीच पाहिली.

एका बाबतीत मात्र बाईंचं म्हणणं मला पटलं. पेल्यांची दुर्री पडेपर्यंत एव्हाल्दोपाशी चकार शब्द काढू नका. घाई कशाला? साठ वर्षं थांबलात, अजून थोडं थांबा.

आर्जिया


बोलोन्या
२५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. फडका तुझा असेल, पण आणणारे हात त्याचेच ना? आणि ऐक, परवा तो पुन्हा आला. या वेळी टोपली नाही, फडका नाही, काही नाही. डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि आला. आता बोल!

बोलण्याचं म्हणशील तर तास दीड तास बोलला. फक्त सगळं तुझ्याबद्दल. "आर्जियाने गुरुवारी जगाचा पत्ता टाकला, हातात चंद्र असताना! असं करतं का कुणी? आर्जियाने उतारी केली आणि मी पाहतच राहिलो. आर्जिया हरली की कशी टेबल सोडून जाते, पाहिलंय तुम्ही?" माझे कान किटले. मी म्हटलं, जाऊ द्या हो, स्वभावच तसा तिचा. वहिनी, त्याचा तुझ्यावर इतका राग असेल असं मला वाटलं नव्हतं. जरा जपून खेळत जा. जोडीदार आहे, उद्या सोडून जाईल.

मग हळूच विचारतो, "विल्मा, गुडघे दुखत असतील तर काय लावावं? चढ चढताना?" मी लाजले. डोंगरात राहायला मला जमेल का ते काढून घेत होता, दुसरं काय! मी आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडचं मलम सांगितलं आणि मुद्दाम म्हटलं की माझे गुडघे ठणठणीत आहेत. तो म्हणाला, "बरं आहे," आणि मलम घ्यायला गेला.

सेलेनियाबाई म्हणतात, मांडणी प्रश्नाप्रमाणे निवडायची असते. हो की नाही विचारायचं तर तीन पत्ते. मध्ये काय आडवं येतंय ते पाहायचं तर पाच पत्त्यांचा क्रूस. गाडं अडलं असेल तर सात पत्त्यांची नाल. आम्ही क्रूस मांडला, दुर्री नाही. नाल मांडली, दुर्री नाही. नाल पुन्हा मांडली, कारण पहिल्या वेळी खिडकी उघडी होती. तरी नाही. आता दहा पत्त्यांचा मोठा क्रूस राहिलाय, तो बाई नशिबाच्या मोठ्या प्रश्नालाच काढतात. मी मन शांत करून जाणार आहे.

विल्मा


रोंकाल्तो
५ ऑक्टोबर

वन्सं,

तीन पत्त्यांत बसलं नाही, पाच आणा. पाचात बसलं नाही, सात आणा. सातही चावतायत, दहा दाखवा! अहो, चप्पल घेताना तरी इतकं दुकान पालथं घालत नाही कुणी. आणि चप्पल निदान पायाला लागते तेव्हा कळतं. उद्या दहातही दुर्री पडली नाही तर काय, अख्खा पत्त्यांचा जोड जमिनीवर पसरून त्यावर लोळणार?

खिडकी उघडी होती म्हणे. मी जग टाकलं तेव्हा नेल्लोच्या बारची खिडकीही उघडीच होती. तेव्हा माझ्या हरण्याला काही शास्त्र आहे हे ऐकून बरं वाटलं.

त्या एव्हाल्दोला सांगा, माझ्या खेळात खोट काढायची तर माझ्या तोंडावर काढ, परक्या स्वयंपाकघरात तोर्तेल्लिनी गिळत नको. टेबलावर गप्प, आणि तुमच्याकडे दीड तास माझी निंदा! मी या गुरुवारी त्याच्याशी बोलले नाही. त्याला कळलंसुद्धा नसेल. उलट टेबलाखालून मलमाची नळी सरकवली माझ्याकडे. म्हणाला, "शहरात मिळालं." मी म्हटलं, "मी काय लंगडं खेचर वाटले का तुला?" नळी तिथेच ठेवून उठले. नेल्लोने दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली.

मांडा मोठा क्रूस. पण दुर्रीचं लक्षात ठेवा. ती पडल्याशिवाय नाही.

आर्जिया

ता. क. मलम बरं आहे.


बोलोन्या
१४ ऑक्टोबर

आर्जियावहिनीस,

हे पत्र लिहायचं नव्हतं. चार दिवस टाळलं.

सेलेनियाबाईंनी मोठा क्रूस मांडला. मेणबत्त्या, धूप, सगळं रीतसर. दुर्री आली नाहीच. पण आठव्या जागी, जिथे जवळच्या माणसांच्या मनातलं दिसतं तिथे, तलवारींची राणी पडली. उलटी. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "विधवा आहे. जवळच्या नात्यातली. जीभ तलवारीसारखी. वरून हसते, आतून जळते. दुर्री हीच अडवून धरतेय."

वहिनी, मी काही नाव घेतलं नव्हतं. आपल्या गोतावळ्यात विधवा चार आहेत. तलवारीसारखी जीभ एकीचीच आहे.

आजवर तू मला बोललीस, मी ऐकून घेतलं. भावाची बायको म्हणून मान दिला. पण उतारवयात माझ्या दाराशी एक माणूस आला तर तुझ्या पोटात का दुखावं? तुला ग्वेर्रिनो मिळाला, संसार मिळाला. मला काय मिळालं? पिठाचे हात. खरं सांग, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?

विल्मा


रोंकाल्तो
१६ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र सकाळी आलं, उत्तर दुपारच्या बसने जातंय. दूध उतू गेलं, जाऊ दे.

राणी उलटी पडली? कशी पडली ते मला जरा समजावून सांगा, कारण मी आयुष्यभर हे पत्ते हातात धरलेत आणि मला काही ते जमलेलं नाही. बोलोन्याच्या जोडातली राणी पाहिलीत का कधी? वरच्या अंगाला डोकं, खालच्या अंगालाही डोकं. राजा तसाच, देवदूत तसाच, मरणसुद्धा दोन्हीकडून दात दाखवतं. आपल्या खापरपणजोबांच्या वेळचे लोक हुशार होते. हातात उलटं चित्र आलं आणि खेळणाऱ्याने ते सुलटं केलं की समोरच्याला कळायचं, याच्याकडे मोठा पत्ता आहे. म्हणून चित्रंच दुतोंडी करून टाकली. तिला उलटी करा, आडवी करा, छताला टांगा, बाई दर वेळी सरळच बसलेली दिसणार!

तुमच्या पिनुच्चाबाईंनी मिलानला परक्या पत्त्यांचं पुस्तक पाठ केलंय आणि बोलोन्याचा जोड मांडून बसल्यात. ज्या राणीला खालची बाजूच नाही, ती उलटी पडली म्हणून तुम्ही मला जळकी ठरवलीत! मी तुमच्या आईचं आजारपण काढलं, दर सप्टेंबरात आळंबी पाठवली, ग्वेर्रिनो गेल्यावर त्याचं घड्याळ तुम्हाला दिलं. त्याची ही किंमत. जा त्या बाईकडे आणि विचारा, राणीचं कुठलं डोकं वर होतं? आणि दुसरं कुठलं खाली होतं? तोंड कसं होतं तिचं तेवढं मला कळवा.

आर्जिया


बोलोन्या
२४ ऑक्टोबर

वहिनी,

गेले होते. तुझं पत्रच पुढ्यात ठेवलं. सेलेनियाबाईंनी राणी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग म्हणाल्या, "उलटं डोळ्यांनी नाही दिसत, बोटांना जाणवतं." मी म्हटलं, मग माझीही बोटं आहेत, आयुष्यभर पीठ मळलंय त्यांनी, मला काही जाणवत नाही. तेव्हा त्यांनी बारा पत्त्यांचं चक्र मांडू या का विचारलं. मी उठले.

म्हणजे तू जिंकलीस. पण थांब.

येताना तंबाखूवाल्याकडून बोलोन्याचा एक नवा जोड घेतला. म्हटलं, दुतोंडी चित्रं एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावीत. पास्ता लाटायच्या फळीवर सगळे पत्ते ओळीने लावले. मला कुणी खेळायला शिकवलं नाही, वडील म्हणायचे पोरींच्या हाताला पीठ शोभतं. पेले एका ओळीत, नाणी एका ओळीत, सोटे, तलवारी. एक्का आहे. एक्क्याच्या पुढे एकदम छक्की. वाटलं, तंबाखूवाल्याने फसवलं. परत गेले. त्याने दुसरा जोड फोडून दाखवला. त्याचा बाप हसायला लागला. म्हणाला, "बाई, कुठल्या गावच्या? बोलोन्याच्या जोडात दुर्री, तिर्री, चौकी, पंजी नसतेच. कधीच नव्हती."

पेल्यांची दुर्री नाहीच आहे, वहिनी. मी मरेपर्यंत मांडण्या बदलल्या असत्या तरी ती पडली नसती.

सेलेनियाबाईंना ते माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या पुस्तकातल्या. पण तू? तू ते पत्ते झोपेत पिसतेस. तुला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. राणीच्या दोन डोक्यांवरून माझी अब्रू काढलीस, पण दुर्रीबद्दल अवाक्षर नाही. उलट मलाच बजावत राहिलीस, "ती पडेपर्यंत एक शब्द काढू नका." अख्ख्या जगाची थट्टा करतेस आणि नेमकी तेवढी एकच गोष्ट तुला पटली!

आणि तुझं ते रागाचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आईचं आजारपण आहे, आळंबी आहे, घड्याळ आहे. "मी जळत नाही" हे कुठेच नाही. राणी उलटी नव्हती हे कबूल. पण मग सरळ राणीनेही खरंच सांगितलं की नाही?

विल्मा


रोंकाल्तो
२८ ऑक्टोबर

वन्सं,

दोन तारखेला मृतांच्या दिवशी दर वर्षी शेवंती घेऊन ग्वेर्रिनोच्या कबरीवर येता. याही वर्षी या. सकाळची बस धरा. चेस्टनटच्या पिठाची धिरडी करून ठेवते.

जे बोलायचं ते तोंडावर बोला. फक्त कबरीपाशी नको. त्याला ऐकू जाईल असं वाटतं मला. हसायचं तर हसा.

आर्जिया


बोलोन्या
५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

बोलायला आले होते आणि न बोलताच परतले, याचं तुला नवल वाटलं असेल. बसमध्ये चढताना तू विचारलंस, "झालं का सगळं बोलून?" मी म्हटलं, लिहीन. तर लिहिते.

कबरस्तानात तू ठीक होतीस. शेवंती लावलीस, फोटो पुसलास. मग नेल्लोच्या बारमध्ये गेलो. सण म्हणून डाव बसला. तू आणि एव्हाल्दो एकीकडे, नेल्लो आणि सेत्तिमिओ पाद्री दुसरीकडे. मी म्हटलं, मला खेळता येत नाही, बघत बसते. एव्हाल्दोने उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली, आपल्या मागेच. तेवढ्यावरून तुझं तोंड असं झालं की नेल्लोने विचारलं, "आर्जिया, दाढ दुखतेय का?"

मी मागे बसले होते म्हणून त्याचे सगळे पत्ते मला दिसत होते. देवदूत त्याच्या हातात होता. सगळ्यात मोठा हुकूम, हे मला आता कळतं, तुझ्या शिव्या ऐकून शिकलेय. तो देवदूत त्याने अगदी कडेला, अंगठ्याखाली जपून धरला होता. नेल्लोने मला कानात सांगितलं की जोडीदाराशी बोलायचं नाही, खुणा फक्त तीन. पत्ता उडवायचा, पत्ता घासायचा, नाहीतर टेबलावर बुक्का मारायचा. बुक्का म्हणजे, तुझ्याकडचं सगळ्यात मोठं टाक, आत्ताच्या आत्ता.

टेबलावर तेव्हा काय होतं? नाण्यांची छक्की, सत्ती, असलाच कचरा. आणि एव्हाल्दो मागे वळून मला म्हणाला, "विल्मा, गार तर नाही ना वाटत?" वहिनी, तू बुक्का मारलास. इतक्या जोरात की पाद्रीबुवांची वाईन सांडली. कचऱ्यावर बुक्का! मी न खेळणारी बाई, मलासुद्धा कळलं की तो बुक्का पत्त्यांसाठी नव्हता.

आणि तो? त्याने पत्त्यांकडे पाहिलंही नाही. तुझ्याकडे बघत देवदूत काढला आणि त्या कचऱ्यावर ठेवून दिला. डाव बुडाला. तू त्याला सगळ्यांदेखत गाढव म्हणालीस. पाद्रीबुवा म्हणाले, "हा नेहमी असाच करतो. आर्जियाने बुक्का मारला की घरसुद्धा टाकून देईल." आणि तो कानटोपीतून हसत होता.

तेव्हा मला सगळं सुलटं दिसलं. तो माझ्याकडे येऊन बसायचा, कारण तुझ्याबद्दल बोलायला त्याला या जगात दुसरी जागा नाही. गावात बोलला तर नेल्लो ऐकेल. मलम कुणासाठी होतं ते मला आधीच कळायला हवं होतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत म्हटल्यावर तो "बरं आहे" म्हणाला होता, मूर्ख मी, त्यातही मला लग्न दिसलं.

मी काही संत नाही. सास्सोचा थांबा येईपर्यंत बसमध्ये रडले. शेजारची बाई म्हणाली, आज सगळ्यांनाच आपली माणसं आठवतात. मी हो म्हटलं. राग तुझ्यावर आलाच. तू मला नसलेल्या पत्त्याची वाट बघायला लावलीस, हे मी विसरणार नाही, आणि अधूनमधून काढणार आहे. तुला लाज वाटायला हवी.

पण "त्याला ऐकू जाईल" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. वहिनी, तो माझा भाऊ होता, म्हणून मी सांगते. ग्वेर्रिनोने जिवंतपणी तुला पत्त्यांत एकदाही जिंकू दिलं नाही. एव्हाल्दो तुझ्यासाठी देवदूत कचऱ्यावर टाकतो. ग्वेर्रिनोला ऐकू गेलंच, तर तो एवढंच म्हणेल, "गाढव आहे, पण माणूस चांगला."

टेबलावर बुक्के पुरे झाले. ऊठ आणि त्याच्या दारावर एक मार.

विल्मा


रोंकाल्तो
१३ नोव्हेंबर

विल्मा,

आज वन्सं म्हणत नाही. का ते शेवटी सांगते.

हो, माहीत होतं. पहिलं पत्र वाचून हसले हेही खोटं होतं, खिडक्या लावल्या त्या रडू बाहेर जाऊ नये म्हणून. तू दुर्रीचं लिहिलंस आणि मला वाटलं, बरं झालं, ही आता जन्मभर गप्प बसेल. इतकी मी वाईट आहे. अधूनमधून काढ, मी ऐकून घेईन.

आता तुला हवा तेवढा हसायचा माल देते. तुझं पत्र आलं आणि मी लगेच उठले असं समजू नकोस. पत्ते काढले! मी! स्वयंपाकघराच्या टेबलावर, पडदे ओढून. म्हटलं, गंमत म्हणून तीन. आले वीज, सैतान आणि मरण. म्हटलं, तीन फारच कमी, तीनात काय कळणार. पाचांचा क्रूस मांडला. मधोमध गद्धा, म्हणजे तो मूर्ख गं, झोळीवाला. म्हटलं हा एव्हाल्दो असेल, पण उरलेले चार काही मला आवडले नाहीत. मग तू लिहिलेली ती नाल आठवली. सहावा पत्ता ठेवला आणि सातवा आवडेल की नाही म्हणून जोडाच्या तळाचा चोरून बघितला. चोरून, माझ्याच घरात! तेव्हा मला माझंच चपलांच्या दुकानाचं वाक्य ऐकू आलं. सगळे पत्ते चमच्यांच्या खणात कोंबले आणि शाल घेतली.

त्याच्या दारावर बुक्का मारला. कडी होती, ती वापरली नाही. त्याने दार उघडलं, कानटोपी, गळ्यात रुमाल, मागे कुत्रा. मी म्हटलं, "गाढवा, दोन तारखेला देवदूत का टाकलास?" मला तेवढंच सुचलं. तो काही बोलला नाही. बुक्क्यावर बोलायचं नसतं, नियमच आहे. बाजूला झाला, मला आत घेतलं आणि कपाटातून एक भांडं काढलं. तिसरं. कोरं, निळ्या काठाचं, बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच. त्यात सूप वाढलं. मी विचारलं, "हे कधीचं?" म्हणाला, "डोळे दाखवायला गेलो होतो ना सप्टेंबरात, तेव्हा आणलं." मी म्हटलं, "मग इतके दिवस कपाटात का?" तर म्हणतो, "तू उतारी करशील म्हणून थांबलो होतो."

सूप भयंकर खारट होतं. सगळं प्यायले.

वसंतात चर्चमध्ये जाऊ म्हणतोय. सेत्तिमिओ पाद्रींनी तारीखही सांगितली, विचारायच्या आधीच. नेल्लो म्हणतो त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, माझ्याखेरीज.

आता वन्सं का नाही म्हटलं ते. ग्वेर्रिनोची बायको म्हणून तू माझी नणंद. उद्या मी दुसऱ्याची बायको झाले की तो हक्क माझा उरतो का, मला ठाऊक नाही. आणि तुझ्या दारात आलेला माणूस मी नेला, त्यानंतर तर विचारायचीही सोय नाही. तुझं पत्र येईल तेव्हा मी मायना आधी वाचेन. नुसतं 'आर्जिया' लिहिलं असेल तर समजेन. राग धरणार नाही.

आर्जिया


बोलोन्या
१९ नोव्हेंबर

प्रिय आर्जियावहिनी,

वाचलास मायना? मग डोळे पूस आणि पुढे वाच. फक्त ग्वेर्रिनोचं घड्याळ परत मागू नकोस, ते माझ्याकडेच राहील.

सेलेनियाबाईंनी मिलानहून नवा जोड मागवला. परका, जाडजूड, पूर्ण, दुर्री-तिर्रीसकट. काल मला जिन्यात अडवलं. म्हणाल्या, "विल्माबाई, तुमच्यासाठी एक मांडणी माझ्याकडून. तीनच पत्ते, पैसे नकोत." बसले. पहिलाच पत्ता काय निघावा? पेल्यांची दुर्री! दोन पेले, समोरासमोर, सेलेनियाबाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, येणार म्हणून?" मी म्हटलं, आली खरी, पण फार उशिरा आली आणि चुकीच्या घरी आली. बाई चहा आणायला आत गेल्या तेवढ्यात मी ती उचलली.

सोबत पाठवतेय. निळ्या काठाच्या भांड्याखाली ठेवा, म्हणजे चिठ्ठीची जागा भरेल. आता त्यांच्याही जोडात दुर्री नाही. पण जिन्यात एखादी बाई रुमाल चोळत वर जाताना दिसली की मी दार उघडून सांगते, "पोरी, वर नको जाऊस. त्याच्याकडेच जा आणि विचार."

गुरुवारी येते. पत्ते शिकव मला. आणि एव्हाल्दोला सांग, तोर्तेल्लिनी घेऊन येतेय, पण या वेळी टोपली माझी आहे.

तुझी नणंद
विल्मा